कोरलमधून वेबवर: फराळाचं एक हँडबिल फोनवर कसं आणायचं

चौदा वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, केलंय मी. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, मंडळांचे अहवाल, आणि दिवाळीच्या आधी तर रात्री दोन दोन वाजेपर्यंत कोरल (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडं. मग हळूहळू असं व्हायला लागलं की पत्रक छापून झालं की गिऱ्हाईक विचारणार, "याचंच वेबसाइटचं पण करून देता का?" आणि मी बिनधास्त हो म्हणायचो. पहिलं काम ओळखीतल्या एका काकूंचं होतं, घरगुती फराळाचं. ए-फाइव्ह हँडबिल तयार होतंच, त्याचंच जेपेग केलं, पेजवर चढवलं, पाच मिनिटांत मोकळा. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन: "अरे, दिसतंय छान, पण आमच्या वन्संना वाचताच येईना, बोटांनी ताणून ताणून बघत होत्या बिचाऱ्या. आणि नंबरवर दाबलं तर फोनच लागत नाही." तिसऱ्या दिवशी चकलीचा भाव वाढला. परत कोरल, परत एक्सपोर्ट, परत चढवा.

तेच हँडबिल मी नंतर नीट कसं केलं ते इथे पायरी पायरीने सांगतो. कोरल, इलस्ट्रेटर, पेजमेकर यातलं काहीतरी हातात बसलंय पण वेबचं काहीच माहीत नाही, अशांसाठी हे आहे. कोडिंग येणाऱ्यांनी हसू नका.

पायरी १: आधी कागद डोक्यातून काढा

छपाईत पहिला प्रश्न काय असतो? साइज काय, कागद किती जाड (जीएसएम), एका बाजूला का दोन्ही. वेबवर साइजच नाही. म्हणजे आहे, पण तो वाचणाऱ्याच्या खिशात आहे. साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी ब्राउझरच्या हिशोबात साधारण ३६० ते ४१२ पिक्सेल धरतात, ऑफिसातला मॉनिटर १४०० च्या पुढे, आणि मधे टॅब, आडवा धरलेला फोन, काय वाट्टेल ते. एकच मजकूर या सगळ्यात बसला पाहिजे. त्यामुळे आपण चित्र काढून देत नाही, आपण नियम देतो: जागा कमी असली तर हे याच्या खाली जाईल, जागा असली तर शेजारी बसेल. याला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात, २०१० मध्ये इथन मार्कोट या डिझायनरने एका लेखात हा शब्द आणला आणि तेव्हापासून तोच चाललाय.

करायचं काय? नवीन फाइल उघडा, पडद्यासाठी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, फिग्मा घ्या किंवा पेनपॉट, पेनपॉट फुकट आणि ओपन सोर्स आहे. त्यात ३६० रुंदीची एक फ्रेम घ्या आणि उंची मोकळी सोडा. आधी फोनचंच डिझाइन करायचं, मोठ्या स्क्रीनचं नंतर. उलटं केलं की काय होतं ते मला विचारा, तीन कॉलमचं देखणं लेआउट फोनवर कोंबताना अख्खा रविवार गेला होता माझा. ब्लीड, क्रॉपमार्क, घडीची जागा, कटिंगला सोडायचे तीन एमएम, हे सगळं इथे नाही. पहिले काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

पायरी २: मजकूर सोडवून घ्या (सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार)

आपली एक सवय आहे. फाइल प्रेसला पाठवायच्या आधी सगळं सिलेक्ट करायचं आणि कर्व्ह करून टाकायचं, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी घोळ नाही. छपाईसाठी एकदम बरोबर. वेबवर नेमकी हीच सवय मारक. कर्व्ह केलेलं अक्षर म्हणजे नुसता आकार, ते शोधून सापडत नाही, कॉपी होत नाही, ब्राउझरमधून अक्षराचा साइज वाढवला तरी मोठं होत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. जेपेगमधल्या मजकुराचंही तेच.

म्हणून कर्व्ह करायच्या आधीची फाइल शोधा. (नसेल तर परत टाइप करा, इलाज नाही.) आता त्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर तुमचं नशीब. बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर असला काहीतरी कचरा येईल. कारण आपले जुने फॉन्ट, म्हणजे श्रीलिपीचे जुने, कृतिदेव, आणि असे कितीतरी, हे युनिकोड नव्हते. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असायचा. फॉन्ट लावला की मराठी, काढला की कचरा. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, फॉन्ट कुठलाही लावा, क हा क च राहतो.

कन्व्हर्टर मिळतात, वापरा, पण आंधळा विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी, आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचंही असंच उलटसुलट. त्यामुळे घोळ होतो तो जोडाक्षरावरच्या वेलांटीत, स्थिती, क्रिया, व्यक्तिगत असल्या शब्दांत आणि रफार असलेल्या शब्दांत. तेवढे शब्द डोळ्यात तेल घालून बघा.

आणि एक खास मराठी खड्डा. काकूंच्या पत्रकात ओळ होती, "आमच्या आचाऱ्यांच्या हातची चव". कन्व्हर्ट होऊन आलं "आमच्या आचार्यांच्या हातची चव". स्वयंपाकघरातून थेट गुरुकुलात! दोन दिवस ते पेज तसंच लाइव्ह होतं आणि शेवटी एका निवृत्त मास्तरांनी फोन करून विचारलं की नक्की कोणते आचार्य करंजी तळतात. साधा र घेऊन पाय मोडला आणि पुढे य आला की तो रफार होऊन य च्या डोक्यावर जातो. आपल्याला हवा असतो आडवा अर्धा र, दुसऱ्या, पुऱ्या, करणाऱ्या यातला, आणि त्यासाठी नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. फराळाच्या यादीत तर हे सारखं येतं, शंकरपाळे तिखट का गोड हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकापासून खाऱ्या बुंदीपर्यंत. फाइंड मारून एकदा "र्या" शोधा आणि एकेक तपासा, सरसकट बदलू नका, नाहीतर कार्याचं काऱ्या होईल.

पायरी ३: फॉन्ट

कोरलमध्ये दोनशे फॉन्ट टाकून ठेवायची सवय इथे सोडा. वाचणाऱ्याच्या फोनमध्ये तुमचा फॉन्ट नसतो, तो पेजबरोबर डाउनलोड होतो, त्याच्या डेटावर. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं भरपूर असल्यामुळे फाइल इंग्रजी फॉन्टपेक्षा जड असते. एक फॉन्ट, दोन वजनं, रेग्युलर आणि बोल्ड, बास. फाइल डब्ल्यूओएफएफ-टू प्रकारची घ्या, ती वेबसाठीच दाबून लहान केलेली असते.

गूगल फॉन्ट्सवर फुकट आणि चांगले मराठी फॉन्ट आहेत. मुक्ता घ्या, मुंबईच्या एक टाइपचा आहे, मजकुराला उत्तम, मी डोळे झाकून हाच लावतो. त्यांचाच बालू हेडिंगला मस्त, गोलमटोल, लाडवासारखा. जरा पुस्तकी, जाडबारीक वळणाचं हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी. तो हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळा निघतो आणि मराठीसाठी वेगळा, कारण आपला ल आणि श वेगळा. २००९ च्या शासन निर्णयात याला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श म्हणलंय. हिंदी वळणाचा ल उजवीकडे उभा दांडा घेऊन येतो आणि "लाडू" लिहिलं की आपल्या डोळ्याला खटकतंच. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात पण मराठी वळण तेव्हाच लागतं जेव्हा पेजच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं लिहिलेलं असतं. एका ओळीचं काम आहे, बहुतेक जण विसरतात, आणि ब्राउझरलाही भाषांतर करू का म्हणून विचारताना आणि वाचून दाखवताना त्याच ओळीची मदत होते.

बोल्डची खरी फाइल लावा. नुसतं बोल्डचं बटण दाबलं आणि फाइल दिलेली नसली तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि क्ष, ण्ण, ळ यांची आतली जागा बुजून काळे ठिपके होतात. तिरप्या अक्षराचंही तसंच, देवनागरीत इटॅलिक हा मूळ प्रकारच नाही, ब्राउझर नुसतं अक्षर ढकलून वाकडं करतो. जोर द्यायचा असेल तर बोल्ड किंवा रंग.

पायरी ४: अक्षराचा साइज, ओळींमधली जागा

हँडबिलात मी मजकूर १० पॉइंट आणि लीडिंग (ओळींमधलं अंतर) १२ ठेवायचो. कागद कमी, मजकूर जास्त, करणार काय. इथे कागद फुकट आहे, वाचणारा अंगठ्याने सरकवत खाली जातो, त्याला त्याचं काहीच वाटत नाही. मजकूर १८ पिक्सेल ठेवा, १६ च्या खाली तर जाऊच नका. इंग्रजी १६ जेवढं मोठं दिसतं तेवढं मराठी १६ दिसत नाही, कारण वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार-ऊकार यांना त्याच उंचीत जागा द्यावी लागते. लाइन-हाइट, म्हणजे वेबवरचं लीडिंग, अक्षराच्या १.६ ते १.८ पट. इंग्रजी टेम्प्लेट उचललं असेल तर तिथे १.२ किंवा १.४ असतं आणि हेडिंग दोन ओळींत गेलं की वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. "कुरकुरीत पोह्यांचा / चिवडा व मैत्रीपूर्ण भाव" असलं काहीतरी टाकून बघा म्हणजे कळेल.

अक्षरांमधली जागा, म्हणजे लेटर-स्पेसिंग, ती मराठीत शून्यच राहू द्या. इंग्रजी डिझाइनमध्ये हेडिंग फाकवायची फॅशन आहे, मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात.

आणि जस्टिफाय करू नका. छपाईत आपण दोन्ही कडा सरळ करतो कारण कॉलम आपल्या हातात असतो, हवा तिथे शब्द तोडता येतो. ३६० रुंदीत एका ओळीत जेमतेम पाचसहा शब्द, ते ताणले की मधे भगदाडं. डावीकडून सरळ, उजवीकडे वाकडंतिकडं, चालतंय.

पायरी ५: रंग

कागदावर रंग सीएमवायके (चार शाया), पडद्यावर आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश), हे सगळ्यांना माहीत असतं पण एक्सपोर्ट करताना मोड बदलायचं राहून जातं आणि फोनवर रंग भलताच येतो. आरजीबी करा, प्रोफाइल एसआरजीबी ठेवा, रंगांचे सहा अक्षरी हेक्स कोड एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. आकडे नुसते बदलून येतील तसे घेऊ नका, पडद्यावर बघून डोळ्याने जुळवा. काळ्यासाठी पाठीमागे सायन भरायची गरज नाही, इथे शाई नाहीये.

खरी अडचण कॉन्ट्रास्टची. आपल्याकडे शुभकार्य म्हणलं की लाल-पिवळं, आणि छपाईत ते उठून दिसतं. पडद्यावर नियम असा आहे की साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा फरक निदान ४.५ ला १ पाहिजे, मोठ्या हेडिंगला ३ ला १ चालतो. आता गंमत बघा, पांढऱ्यावर शुद्ध लाल येतो जेमतेम ४, म्हणजे मजकुराला नापास. शुद्ध पिवळ्यावर लाल ३.७, तोही नापास. पांढऱ्यावर पिवळा तर १.०७, म्हणजे नसल्यातच जमा. काकूंच्या पत्रकात भाव पिवळ्यावर लाल होते. मी लाल गडद करून मरून केला, मरून पांढऱ्यावर जवळजवळ ११ जातो आणि पिवळ्यावर १० च्या वर. सणाचा रंग तोच राहिला आणि उन्हात उभं राहून पण वाचता आलं. हे आकडे मोजून देणारे कॉन्ट्रास्ट चेकर नेटवर फुकट आहेत, दोन हेक्स कोड टाकायचे.

पायरी ६: फोटो

३०० डीपीआय विसरा. खरंच विसरा. पडद्याला फक्त पिक्सेल कळतात. ए-फाइव्ह ३०० डीपीआयला म्हणजे १७४८ बाय २४८० पिक्सेल, एवढं फोनला लागतच नाही. चकलीच्या ताटाचा मुख्य फोटो १२०० पिक्सेल रुंद पुरे, यादीतले छोटे फोटो ४०० ते ६००. फॉरमॅट वेबपी, नाहीतर जेपेग. स्क्वूश नावाची एक साइट आहे, फोटो टाकायचा आणि मधली रेघ सरकवत आधीचा-नंतरचा बघायचा. माझा सहा एमबीचा फोटो १३० केबी झाला आणि चकलीचे काटे जसेच्या तसे. लोगो मात्र एसव्हीजी करा, तो कोरलच्या व्हेक्टरसारखाच, कितीही मोठा केला तरी फाटत नाही. प्रत्येक फोटोला मागे एक ओळ लिहायची सोय असते, त्यात "आयएमजी ४५" नको, "भाजणीची चकली, अर्धा किलोचं पाकीट" असं लिहा.

पायरी ७: मांडणी

इथे मात्र आपण कोडिंगवाल्यांच्या पुढे आहोत. कुठे डोळा आधी जाणार, काय मोठं, काय बारीक, कुठे मोकळं सोडायचं, हे आपल्याला वर्षानुवर्षं घासून आलंय. फक्त क्रम बदलतो. हँडबिलात वर श्री, मग पणत्या, मग नाव, मग भाव, आणि सगळ्यात खाली नंबर. कागद एका नजरेत दिसतो म्हणून चालतं. फोनवर पहिल्या स्क्रीनमध्ये नाव, एक फोटो, "ऑर्डर कधीपर्यंत" आणि फोन करायचं बटण एवढं दिसलंच पाहिजे, पणत्या खाली गेल्या तरी लक्ष्मी रुसत नाही.

भावाचा तक्ता चार कॉलमचा होता: पदार्थ, पाव किलो, अर्धा किलो, एक किलो. फोनवर चार कॉलम म्हणजे मुंग्या. प्रत्येक पदार्थाची एक पट्टी केली, डावीकडे ठळक "अनारसे", त्याच्या खाली बारीक "अर्धा किलो", उजवीकडे भाव. पट्ट्या एकाखाली एक. मोठ्या स्क्रीनवर त्याच पट्ट्या दोन रांगांत बसतात. डब्याची, म्हणजे मजकुराच्या चौकटीची, उंची कधी फिक्स करू नका, ज्येष्ठ मंडळी ब्राउझरमधलं अक्षर मोठं करून ठेवतात, मग मजकूर डब्याच्या बाहेर सांडतो.

बटण ४८ पिक्सेल तरी उंच, दोन बटणांत बोटभर अंतर. नंबर नुसता लिहू नका, दाबला की फोन लागेल अशी लिंक करा, शेजारी व्हॉट्सअॅपची. काकूंची निम्मी गिऱ्हाइकं परदेशी नातेवाईक असलेली, फराळ दिवाळीच्या बऱ्याच आधी कुरियरला पडायला लागतो, म्हणून नंबरच्या आधी देशाचा कोड टाकला, नाहीतर अमेरिकेतून दाबलं की भलतीकडेच लागतो. माउस वर नेला की रंग बदलतो वगैरे कौतुकं फोनवर दिसत नाहीत, त्यावर काही महत्त्वाचं लपवू नका.

पायरी ८: कोड, थोडासाच

तयार पेज बिल्डर वापरलात तरी चालेल, पण दोन आठवडे एचटीएमएल (पेजची रचना) आणि सीएसएस (पेजचं दिसणं, म्हणजे स्टाइलशीट) शिका. स्टाइलशीट म्हणजे आपल्या पेजमेकरच्या स्टाइल्सच, हेडिंगची स्टाइल एकदा बदलली की सगळीकडे बदलते. हेडिंगला हेडिंगचाच टॅग लावा, नुसतं अक्षर मोठं करून हेडिंग होत नाही. स्वतः लिहिणार असाल तर व्ह्यूपोर्टची ओळ विसरू नका. ती नसली की फोनला वाटतं पेज कॉम्प्युटरचं आहे, तो साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून ३६० मध्ये बसवतो. तुमचं १६ चं अक्षर सहाचं दिसतं. मी यावर एक अख्खी रात्र घालवली होती, साइज वाढवत बसलो होतो २४, ३०, ३६, आणि चूक एका ओळीची.

पायरी ९: प्रूफ

गिऱ्हाइकाची सही घेतली की विषय संपला, असं इथे नसतं. एक स्वस्तातला अँड्रॉइड, एक आयफोन, एक लॅपटॉप एवढ्यावर तरी बघा. कॉम्प्युटरवर ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत न्या, कुठे तुटतंय ते दिसतं. उन्हात बघा, वायफाय बंद करून रेंज कमी असलेल्या जागी बघा. आणि एखाद्या काकूंच्या हातात द्या, काही सांगू नका, नुसतं म्हणा "अर्धा किलो चिवडा मागवून दाखवा", आणि गप्प बसा. कुठे अडखळतात ते लिहून घ्या. मी पहिल्यांदा केलं तेव्हा काकू फोटोवर दाबत होत्या, बटणावर नाही. मग फोटोलाच लिंक केली.

पायरी १०: कागद टाकून देऊ नका

काकूंचं हँडबिल अजून छापतो आम्ही, वर्तमानपत्रातून वाटतो, फक्त आता त्यावर भाव नाहीत, क्यूआर कोड आहे. भाव पेजवर, रोज बदलले तरी चालतं. क्यूआर निदान दोन सेंटिमीटर चौकोनी ठेवा, सभोवती त्याच्यातल्याच चार ठिपक्यांएवढी पांढरी जागा सोडा, मरूनवर पांढरा असा उलटा करू नका, काही फोन वाचत नाहीत. चकाकणाऱ्या आर्ट पेपरवर घडी त्याच्यावरून जाणार नाही हे बघा. आणि प्लेट बनायच्या आधी साध्या प्रिंटरवर खऱ्या साइजची एक प्रिंट काढून दोन वेगवेगळ्या फोननी स्कॅन करून बघा. आमच्याकडे एकदा दोन हजार हँडबिलं मागच्या वर्षीच्या पेजचा क्यूआर घेऊन छापली गेली, आणि मी रात्रभर बसून जुनं पेज नवीनकडे वळवलं.